उशिरा आलेले उत्तर

त्या कारखान्यात माणूस ओळखायचा तो त्याच्या जखमेवरून. क्रेनवाल्याचा अर्धा कान, वजनकाट्यावरच्या म्हाताऱ्याची अंगठ्याविना उरलेली मूठ, गॅसवर लोखंड कापणाऱ्यांच्या मनगटांवर ठिणग्यांनी काढलेली नक्षी: ज्याच्या त्याच्याजवळ यंत्राने दिलेले ओळखपत्र होते. चौकशीमास्तरांजवळ यंत्राचे असे काही नव्हते. त्यांचा वरचा, अगदी पुढचा दात गेला होता, आणि तो माणसाने पाडला होता.

कारखाना भंगाराचा. जुन्या मोटारी, पत्रे, शीतकपाटांची कवचे क्रेनने उचलून एका लोखंडी हौदात टाकायची, आणि तीन बाजूंनी सरकणाऱ्या दट्ट्यांनी त्यांचा ट्रंकेएवढा ठोकळा करायचा. या हौदाला सगळे प्रेस म्हणत. प्रेसला लागून पत्र्याची एक खोली, तिला जाड काच, आणि काचेमागे टर्मिनल: काळा पडदा, हिरवी अक्षरे, पुढ्यात कळफलक. चित्र नाही, माउस नाही. कोणत्या कळेने काय होते ते पडद्याच्या तळाशी एका ओळीत लिहिलेले. हा पडदा रंगवणारा प्रोग्रॅम मास्तरांनी लिहिला होता, आणि बावन्न वर्षांच्या आयुष्यात आपण केलेली एकच सभ्य गोष्ट ती, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

सभ्य अशासाठी, की तो प्रोग्रॅम आधी विचारत असे. कारखान्यात टर्मिनले पाच जातींची. बंद पडलेल्या कचेऱ्यांतून साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, ती वजनावर उचलली होती. साहेबांच्या लेखी टर्मिनल म्हणजे टर्मिनल, जसा बैल म्हणजे बैल. पण एकाला रंग येत, दुसऱ्याला रंगाची आज्ञा केली की ते पडदाभर केरकचरा ओकत असे. एकाला चौकटीच्या रेघा काढता येत, तर दुसरे त्या रेघांच्या जागी प्रश्नचिन्हे मांडी. म्हणून मास्तरांचा प्रोग्रॅम जोडणी होताक्षणी, एकही अक्षर काढण्यापूर्वी, टर्मिनलकडे डोळ्यांना न दिसणारी दोन-चार चिन्हे धाडून पुसे: तू कोण, आणि तुला काय काय येते? टर्मिनल आपल्या सांकेतिक भाषेत उत्तर देई. ज्याला उत्तर येत नसे, ते गप्प राही. मास्तर पुरा एक सेकंद वाट पाहत, तेवढ्या वेळात पडद्यावर 'थांबा, चौकशी चालू आहे' अशी ओळ झळके, आणि उत्तर आलेच नाही तर समोरचा अगदी गरीब आहे असे धरून, रंग नाही, रेघ नाही, साध्या अक्षरांत काम चालवले जाई. त्या ओळीवरूनच त्यांना चौकशीमास्तर हे नाव पडले.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढे तिच्यापायी एका माणसाचा पाय गेला. टर्मिनलचे उत्तर ज्या तारेने येते, त्याच तारेने माणसाने दाबलेल्या कळाही येतात. दोहोंतला फरक प्रोग्रॅमला कळतो तो एवढ्यावरूनच, की आपण आत्ताच प्रश्न विचारला आहे आणि उत्तराची वाट पाहत आहोत. वाट पाहणे सोडले की मग जे येईल ते माणसाचे बोट.

विचारण्याचा हा सोस मास्तरांना बापाकडून लागला होता, पण उलट्या बाजूने. बाप लेथवर काम करी आणि घरी पट्ट्याने. त्याची रीत अशी, की पट्टा आधी, कारण मागाहून, आणि पुष्कळदा कारण यायचेच नाही. शेजारच्याची काच फुटली तेव्हा नऊ वर्षांच्या पोराचे गळ्याजवळचे हाड मोडेपर्यंत पट्टा चालला, आणि काच दुसऱ्यानेच फोडली हे संध्याकाळी कळल्यावर बाप भिंतीकडे पाहून म्हणाला, "असू दे. पुढच्या वेळी कमी मारीन." हा शब्दही त्याने पाळला नाही.

आता दाताविषयी. प्रेसचा चालक घण्या. हे त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. घणासारखे हात म्हणून पडलेले. अकरा वर्षांपूर्वी नवा कळफलक आला, तेव्हा मास्तरांनी उपाहारगृहात, चाळीस माणसांच्या देखत, अगदी शुद्ध हेतूने घण्याला विचारले, "तुला काय काय येतं ते आधी सांग. वाचता येतं का?" टर्मिनलला विचारायचा प्रश्न त्यांनी माणसाला विचारला. उत्तर सेकंदाच्या आतच आले. दात चहाच्या पेल्यात पडला, आणि घण्या म्हणाला, "एवढं येतं. अजून काही विचारायचं आहे का, मास्तर?" चाळीस माणसे हसली. त्यानंतर अकरा वर्षे रोज सकाळी फाटकातून शिरताना घण्या दात दाखवून हसे, आणि मास्तरांची जीभ आपोआप त्या खड्ड्यात जाई.

ज्या सेकंदात मास्तरांची सगळी माणुसकी सामावलेली होती, तो सेकंद साहेबांच्या डोळ्यांत खुपला.

"मास्तर, पडदा उघडायला एवढा वेळ का लागतो?"

"एकच सेकंद, साहेब. तो विचारतो."

"विचारायचं कशाला? आपलीच टर्मिनलं आहेत ना? परक्याची आहेत का?"

"काही उशिरा उत्तर देतात."

"मग उशिरा देणाऱ्यासाठी आपण थांबायचं? कमी करा. एका सेकंदाचा दहावा भाग पुष्कळ झाला."

मास्तरांनी केला. तक्रार मनात केली, हाताने आज्ञा पाळली. सुशिक्षित माणसाचा पराक्रम साधारणपणे एवढाच असतो. उशिरा आलेले उत्तर वाचून टाकून द्यायला हवे, नाहीतर ते कळ म्हणून आत शिरेल, हे त्यांना कळत होते. प्रोग्रॅममध्ये त्या जागी त्यांनी स्वतःसाठी एक टीप लिहिली: 'हे नंतर करू.' त्या दिवशी जेवणाची घंटा झाली होती. पुढे कित्येक महिने रोज जेवणाची घंटा होत राहिली, आणि टीप जागच्या जागी राहिली.

साहेबांच्या काटकसरीचा दुसरा नमुना प्रेसच्या दारावर होता. हौदाचे दार उघडले की दट्टे आपोआप जखडले जावेत म्हणून दारात एक खटका असतो. दार नीट लागले नाही की तो खटका काम अडवी. साहेबांनी तो तारेने आवळून कायमचा बंद दाबून ठेवायला लावला. हौदात माणूस उतरला की आता त्याच्या जिवाला राखण एकच: टर्मिनलवर चालकाने लावलेली 'थांबा' ही सूचना. ती एस्केपच्या कळेने उठे, आणि सी या कळेने दट्टे चालू होत.

तिसरी गोष्ट कोणा एकाची नव्हे, सगळ्या कारखान्याची. पडद्यावरची अक्षरे विस्कटली की चालक टर्मिनलच्या डाव्या गालावर एक सणसणीत थप्पड ठेवून देत. पाठीमागची सैल जोडणी त्या धक्क्याने क्षणभर सुटे, परत बसे, आणि प्रोग्रॅम टर्मिनलला पुन्हा ओळख विचारून पडदा नव्याने काढी. नवा माणूस लागला की त्याला कळा शिकवण्याआधी थप्पड शिकवत. घण्याची थप्पड त्यात सर्वमान्य होती. "घण्याने मारली की मेलेलं टर्मिनलही बोलतं," असे म्हणत.

अपघाताच्या दिवशी सकाळी घण्याची आणि गॅसकटर चालवणाऱ्या कापऱ्याची कपाटावरून जुंपली. कापऱ्याने घण्याचे बूट बाहेर फेकले, घण्याने त्याचे डोके कपाटाच्या दारावर आपटले, नाकातून रक्त आले, आणि घण्या ओरडला, "आज तुझा ठोकळाच करतो!" तिथे हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकू येई, आया पोरांना घरी तेच म्हणत. पण त्या दिवशी ते नेमके सगळ्यांच्या लक्षात राहिले.

बाराच्या सुमाराला मोटारीचा एक आस दट्ट्यांत आडवा अडकला. तो कापायला कापऱ्या हौदात उतरला. घण्याने 'थांबा' लावले. मग पडद्यावरची अक्षरे विस्कटली. घण्याने हात उगारला आणि टर्मिनलला थप्पड मारली. पुढचे क्रेनवाल्याने वरून पाहिले: हात खाली आला, आणि दट्टा हलला.

लोखंड माणसावर येताना आवाज करत नाही. आवाज माणसाचा असतो, आणि त्यानंतर हाडाचा. सुकी फळी गुडघ्यावर मोडावी तसा. कापऱ्याचा डावा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत आस आणि दट्टा यांच्या मध्ये सापडला. दट्टा थांबला तेव्हा हौदाच्या तळाशी रक्त तेलात मिसळत नव्हते, वेगळे वाहत होते. पाय बाहेर काढताच आला नाही, कापऱ्याला काढले. उरलेला भाग त्याच्याच गॅसकटरने मोकळा करावा लागला, आणि ते काम करणारा माणूस त्या दिवसापासून नोकरीवर आला नाही.

चौथ्या दिवशी कापऱ्याच्या धाकट्या भावाने सहा जण घेऊन घण्याला फाटकावर गाठले. पोलिसांनी घण्याला नुकताच जबाब घेऊन सोडले होते. दोघांनी हात धरले, आणि भावाने आळीपाळीने दोन्ही बुटांनी त्याच्या बरगड्या मोजल्या. तीन मोडल्या. पहारेकरी पाठ फिरवून पाणी पीत होता. मास्तर खिडकीत उभे होते. ते खाली गेले नाहीत. घण्या पालथा पडून रक्त थुंकत होता, आणि मास्तरांच्या पोटात कुठेतरी ऊब पसरली, हे त्यांनी पुढे बायकोला सांगितले. दुसऱ्या कोणालाही सांगण्यासारखे ते नव्हते.

त्याच दिवशी साहेबांनी बोलावले.

"दोन ओळी हव्यात, मास्तर. 'प्रोग्रॅममध्ये दोष नाही. कळ चालकाने दाबली.' खाली सही."

"नोंद पाहतो आणि देतो, साहेब."

"नोंद पाहून काय करणार? अख्ख्या यार्डाने पाहिलं आहे. सकाळी धमकी, दुपारी कृती. खुनाचा प्रयत्न आहे हा. सरकारी तपासनीस सोमवारी येतोय. तोवर कागद माझ्या टेबलावर हवा."

प्रोग्रॅम आपल्याकडे आलेली प्रत्येक कळ वेळेसह लिहून ठेवत असे. मास्तरांनी ती नोंद उघडली. बारा वाजून चार मिनिटांनी जोडणी तुटली, जुळली. प्रोग्रॅमने प्रश्न विचारला, सेकंदाचा दहावा भाग वाट पाहिली, आणि समोरचा मुका आहे असे ठरवून तो पुढे गेला. जोडणी तुटण्यापूर्वी 'थांबा' ही सूचना होती, म्हणून तो परत नेमका तिथेच आला. तुटल्या जागी परत यावे हे मास्तरांनीच त्याला मोठ्या काळजीने शिकवले होते. आणि मग, जवळजवळ एकाच क्षणात, नऊ चिन्हे. पहिले एस्केप. मधे कंस, प्रश्नचिन्ह, चार आकडे, एक अर्धविराम. शेवटचे सी.

आपली सही ओळखावी तशी त्यांनी ती ओळखली. घण्या एका बोटाने टंकत असे. त्याला नऊ कळांना अर्धे मिनिट लागले असते. ही नऊ चिन्हे म्हणजे टर्मिनलचे उत्तर होते: मी अमुक जातीचे, मला रंग येतात. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी टर्मिनलांच्या तारा काढून ती सगळी एका पेटीमार्फत कारखान्याच्या सामाईक जाळ्यावर चढवली होती. बाराच्या ठोक्याला सगळी खाती सकाळचे कागद छापायला सोडत, जाळे तुंबे, आणि उत्तर यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागे. तोवर वाट पाहणारे कोणी उरलेले नसे. एरवी प्रोग्रॅम पहिल्या पानावर असे, तिथे त्या कळांना अर्थ नव्हता, त्या गिळल्या जात. त्या दुपारी एस्केपने सूचना उठवली, मधली चिन्हे वाया गेली, आणि सीने दट्टा सोडला.

त्याखाली आणखी एक नोंद होती. चार सेकंदांनी तातडीचे लाल बटण. ते हातानेच दाबावे लागते. म्हणजे कापऱ्याचा जीव वाचला होता तो ज्याने ठोकळा करण्याची धमकी दिली, त्याच्याच हाताने.

ती नोंद पुसायला एक ओळ लिहावी लागली असती. मास्तरांनी ती लिहिली सुद्धा, आणि शेवटच्या कळेवर बोट ठेवून ते बसले. पुसली की दात, अकरा वर्षांचे हसे, टिपेखाली झाकलेली चूक, सगळेच एका कळेत मिटत होते. घण्या दहा वर्षे आत, आणि आपण निवृत्तीपर्यंत बाहेर. जीभ खड्ड्यात फिरत होती.

घरी बायको गणवेश शिवायची कामे घेई. यंत्राचे पायडल न थांबवता तिने सगळे ऐकून घेतले.

"अहो, सही करा किंवा करू नका. पण जेवताना जीभ त्या खड्ड्यात घालून तो चुक-चुक आवाज तेवढा करू नका. अकरा वर्षं ऐकते आहे."

"तू त्याच्या बाजूने बोलतेस?"

"मी कुणाच्याच बाजूने नाही. मेला माजोरीच आहे. त्याला मारायचं तर मारा, दोनदा मारा. पण ज्याबद्दल मारायचं त्याचबद्दल मारा. तुमच्या वडलांसारखं नको."

शेवटचे वाक्य तिने पायडल थांबवून म्हटले. मास्तरांनी ताट सरकवले, सदरा चढवला आणि ते घण्याच्या खोलीकडे गेले.

घण्या पाठीला उशा लावून अर्धवट बसला होता, छातीला चिकटपट्ट्या. त्याने दारातल्या सावलीकडे पाहिले.

"कोण, मास्तर? दुसरा दात आणलात का?"

"लागलाच तर आहे."

"हसवू नका. शिंक आली तरी जीव जातो." मग आवाज खाली आला. "मी कळ दाबली नाही, मास्तर. थप्पड मारली ती डब्याला. कळांना हातसुद्धा लावला नव्हता."

"ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"सोमवारी बाराला प्रेसवर ये. एक थप्पड मारायची आहे."

"कुणाला?"

"टर्मिनलला."

घण्या बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे, नेमके सांगायचे तर दाताच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. "माझे हात धरणारे तिथेच असतील," तो म्हणाला.

"मीही असेन."

"म्हणजे झालंच कल्याण."

सोमवारी प्रेसभोवती सत्तरेक माणसे जमली. सरकारी तपासनीस वही उघडून उभा. मास्तर एक प्रयोग करून दाखवणार आहेत, त्यातून कळ दाबल्याशिवाय काही हलत नाही हेच सिद्ध होईल, अशी साहेबांची समजूत होती, आणि मास्तरांनी ती मोडली नव्हती. कापऱ्याचा भाऊ हातात सळई घेऊन पुढच्याच रांगेत. हौदात तेलाचे रिकामे पिंप उभे केले होते. मास्तरांनी तपासनिसाला खोलीत, टर्मिनलच्या अगदी शेजारी उभे केले, 'थांबा' लावले, आणि कळफलकावर एक लाकडी फळी आडवी ठेवली.

"आता कळांना कुणाचं बोट लागू शकत नाही. पाहा."

बारा वाजून तीन मिनिटांनी त्यांनी स्वतः टर्मिनलला थप्पड मारली. पडदा जरासा थरथरला. काही झाले नाही. बाहेर कोणी तरी खिदळले, "मास्तर, गाल कुरवाळताय का?" त्यांनी परत मारली. हात झिणझिणला, टर्मिनल तसेच. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागले.

"पुरे," तपासनीस म्हणाला.

"नाही," मास्तर म्हणाले. "माझ्या हाताचं हे काम नव्हे. घण्या, ये."

गर्दी फाटली. घण्या बरगड्या एका हाताने दाबत आला. भावाची सळई खांद्यापर्यंत वर गेली. तपासनिसाच्या शिपायाने ती धरली. घण्याने खोलीत शिरून टर्मिनलकडे पाहिले, उजवा हात मागे नेला, आणि मारली. वेदनेने त्याच्याच तोंडून आवाज फुटला. पडदा काळा झाला. मग 'थांबा, चौकशी चालू आहे' ही ओळ डोळा लवण्याइतकी दिसली आणि गेली. मग 'थांबा' ही सूचना. फळी जागच्या जागी होती.

सूचना आपण होऊन नाहीशी झाली. दट्टा सरकला. पिंप आधी वाकले, मग किंचाळले, मग कागदासारखे चुरगळले, आणि त्याचे झाकण उडून काचेवर आदळले. घण्याने लाल बटण दाबले तेव्हा हौदात पिंप नव्हते, पत्र्याची घडी होती.

तपासनिसाने विचारले, "हे कुणाचं काम?"

"माझं," मास्तर म्हणाले. त्यांनी ते शाळेत धडा म्हणावा तसे क्रमाने सांगितले. "टर्मिनलचं उत्तर उशिरा आलं, आणि प्रोग्रॅमने ते माणसाची कळ म्हणून घेतलं. वाट पाहायचा वेळ कमी करायला साहेबांनी सांगितलं, केला मी. उशिरा आलेलं उत्तर टाकून द्यायचं काम माझं होतं, ते मी नंतरवर ढकललं. दाराचा खटका तारेने कुणी बांधायला लावला, ते साहेब सांगतील. याने कळ दाबली नाही. याने लाल बटण दाबलं, चार सेकंदांत. नोंदीची प्रत ही घ्या."

"मास्तर!" साहेब ओरडले.

पण त्यांच्या पुढच्या शब्दाआधीच घण्याचा हात आला होता. या खेपेला मूठ नव्हे, उघडा पंजा, आणि तोही मघाशी टर्मिनलला मारलेलाच, गरम. मास्तर भिंतीच्या पत्र्यावर आपटले, चष्मा कुठे गेला कळले नाही, ओठ दातावर फाटला आणि शेजारचा दात मुळातून हलला.

"नऊ दिवस!" घण्या ओरडत होता. "नऊ दिवस माझी आई दार लावून बसली आहे! तुला ठाऊक होतं?"

"पाच दिवस," मास्तर रक्तातून म्हणाले. "चौथ्या दिवशी संध्याकाळी कळलं."

कापऱ्याच्या भावाने शिपायाच्या हातातून सळई हिसकली आणि तो खोलीत घुसला. घण्या मध्ये आला. प्रेमाने नव्हे, रांग मोडणाऱ्यावर माणूस जसा खेकसतो तसा.

"ए! मागे हो. याला मारायचा मान आज माझा. तुझी पाळी माझ्या तीन बरगड्यांनंतर."

भाऊ थबकला. घण्याच्या चिकटपट्ट्यांकडे, मग आपल्या बुटांकडे त्याची नजर गेली. हातातली सळई कुठे तरी उतरणे भाग होते. ती टर्मिनलवर उतरली. काच फुटली, आतून निळी ठिणगी उडाली, आणि तो मारतच राहिला, कळफलकाचे तुकडे होऊन कळा जमिनीवर दाण्यांसारख्या विखुरल्या तरी. त्याला कोणी अडवले नाही. मास्तर खाली बसून पाहत होते. सगळ्यात उमदे टर्मिनल होते ते. विचारले की नेहमी उत्तर देणारे.

घण्याने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवले.

"झालं?" मास्तरांनी विचारले.

"अजून एक द्यायची आहे."

"दे. पण आधी त्या तपासनिसाच्या वहीत तुझा जबाब नोंदवून घे. मला कोठडीत नेलं तर साक्षीदार कोण उरणार?"

घण्याला हसू आले, आणि बरगड्यांमुळे तो कळवळला. दुसरी त्याने दिली नाही. माफीही मागितली नाही.

मास्तरांना त्याच दिवशी कामावरून काढले. साहेबांना काढले नाही. अशा माणसांना काढत नाहीत, हलवतात. ओठाला टाके घालायला मास्तर रुग्णालयात गेले. कापऱ्या त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता. टाके पडल्यावर ते जिना चढले.

कापऱ्या पांघरुणात होता आणि पांघरूण एका बाजूला मध्येच सपाट होत होते. दोन शस्त्रक्रिया, गुंगी, ताप. तीन दिवसांपूर्वीच तो नीट बोलू लागला होता. मास्तरांनी सगळे सांगितले: प्रश्न, उत्तर, सेकंद, नंतर करू. मग सवयीने, उशिरा का होईना, विचारले, "तुला आतून काय दिसलं होतं?"

"घण्या दिसला की," कापऱ्या म्हणाला. "काचेमागे. दोन्ही हात वर करून बोंबलत होता. दट्टा निघाला तेव्हा त्याचा एकही हात कळांवर नव्हता."

मास्तरांनी विचारले, "हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी? भाऊ म्हणाला, घण्याच्या बरगड्या मोडल्या, निर्धास्त राहा. मला वाटलं, सकाळच्या भांडणाबद्दल मोडल्या."

एवढे बोलून त्याने हात लांब केला, उशाजवळचा स्टीलचा पेला उचलला आणि होती नव्हती ती ताकद लावून मास्तरांच्या तोंडावर फेकला. टाके उसवले. पाणी आणि रक्त सदऱ्यावर उतरले. पेला खाटेखाली घरंगळला.

मास्तर वाकले, तो शोधून त्यांनी धुतला, माठातून भरला, आणि जिथे कापऱ्याचा हात पोहोचतो अशा जागी परत ठेवला. मग ते त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले, आणि वाट पाहू लागले.